बाबासाहेब आंबेडकर आणि सक्तीचं शिक्षण: भायखळ्याच्या बाजारापासून राज्यघटनेतल्या १४ वर्षांच्या अटीपर्यंत

साल साधारण १९०६. भायखळ्याच्या मासळी बाजारात दिवसाची विक्री संपली आणि मासेविक्रेत्या घरी गेल्या. रात्री त्याच उघड्या छपराखाली एक लग्न लागलं. एका कोपऱ्यात नवऱ्या मुलाकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीकडची. बसायला बाजारातले दगडी ओटे आणि पायाखाली वाहणारं गटाराचं पाणी. पहाटे कोळणी परत यायच्या आत बाजार मोकळा करून द्यायचा होता.

नवरा मुलगा होता शाळेत शिकणारा भीमराव रामजी आंबेडकर. नवरी होती रमा, वय नऊच्या आसपास. एकाच शहरातली ही दोन मुलं. त्यातला एक एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी होता. दुसरीच्या वाट्याला तोवर शाळा आलेलीच नव्हती.

पुढे याच भीमरावांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला. त्यात १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. ही अट घटनेत कशी आली, ती १४ वर्षांचीच का, आणि तिचा खराखुरा हक्क व्हायला साठ वर्षं का लागली? बाबासाहेबांच्या आयुष्याच्या क्रमाने पाहिलं, तर या प्रश्नांचा उलगडा होतो.

एकाला शाळा मिळाली, एकीला नाही. असं का?

रमाबाईंचा जन्म १८९८ चा. दापोलीजवळचं वणंद हे त्यांचं गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचं काम करत. आईवडील लवकर गेले. मग काका आणि मामा या भावंडांना घेऊन मुंबईला आले आणि भायखळ्याच्या बाजाराजवळ राहू लागले. गरीब, अनाथ, मुलगी आणि तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली. यातलं एक कारणही तेव्हा शाळेपासून लांब राहायला पुरेसं होतं.

भीमरावांची जातही तीच आणि घरची चणचणही फार वेगळी नव्हती. फरक होता तो वडिलांच्या नोकरीचा. १४ एप्रिल १८९१ ला महू इथे त्यांचा जन्म झाला, तेव्हा रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम करत होते. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. छावणीबाहेर ज्यांना पाटी धरू दिली जात नव्हती, अशा घरांतली मुलं छावणीच्या आत लिहायला-वाचायला शिकत. आपल्या घरात अक्षर आलं ते या सक्तीमुळे, याची जाणीव बाबासाहेबांना आयुष्यभर राहिली.

पण १८९० च्या दशकात सरकारने महार समाजाची लष्करभरती बंद केली. एका नियमाने उघडलेलं दार दुसऱ्या नियमाने बंद झालं.

शाळेत नाव घातलं म्हणजे शिक्षण मिळालं का?

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, प्रवेश घेतला. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण दाखल्यावर नाव चढलं तरी वर्गात जागा मिळाली नव्हती. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही बाकीच्या मुलांपासून लांब. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने वरून पाणी ओतलं तर प्यायचं. शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. परळच्या डबक चाळीतली एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा आणि तीच अभ्यासिका. भीमराव लवकर झोपायचे. रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवायचे आणि पहाटेपर्यंत अभ्यास चालायचा. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, म्हणून थोरले भाऊ आनंदराव यांना शाळा सोडून कामाला लागावं लागलं. एकाच खोलीत एक भाऊ पुस्तक घेऊन बसला आणि दुसरा नोकरीला गेला.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी आणि नावाजलेली शाळा. तिथेही एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे बाकीच्या मुलांचे जेवणाचे डबे ठेवले होते, ते विटाळतील म्हणून. मुलांनी धावत जाऊन डबे हलवले आणि मगच भीमराव फळ्यापर्यंत पोचले. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली.

तरीही ते मॅट्रिक झाले. परळमध्ये त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढच्या शिक्षणासाठी याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी तोवर कुठे पोचली होती?

ही शिष्यवृत्ती बडोद्याहून आली, यालाही महत्त्व आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. म्हणजे भायखळ्यात ते लग्न लागलं त्या सुमाराला बडोद्यात मुलाला शाळेत न घालणं हा कायद्याने गुन्हा ठरला होता. ब्रिटिशांच्या मुंबईत मात्र तसा कायदा नव्हता.

मागणी मात्र जुनी होती. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करावं, असं त्यांनी त्यात सुचवलं. शेतकऱ्यांकडून कर गोळा होतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती.

१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सरसकट सक्ती नव्हती. ज्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जात असतील, तिथल्या स्थानिक संस्थेला सक्ती लागू करायची मुभा, एवढंच ते होतं. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

१९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात पहिला कायदा झाला. तो नगरपालिकांना सक्ती लागू करायची परवानगी देणारा होता. मुंबई शहरात १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्ती सुरू झाली. परळ, दादर, वरळी हा गिरणगावचा मोठा भाग त्यात आला. शेजारचं भायखळा ई वॉर्डात, त्यामुळे ते बाहेर राहिलं.

या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. सक्ती होती ती आईबापांवर. सरकारने शाळा काढलीच पाहिजे आणि मूल तिथे टिकलं पाहिजे, असं सरकारला बांधून घेणारं काही नव्हतं.

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंडळात काय दाखवून दिलं?

कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथलं शिक्षण आणि बॅरिस्टरीची पदवी घेऊन बाबासाहेब १९२३ मध्ये मुंबईला परतले. मुक्काम परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणाचा प्रसार हा तिचा पहिला उद्देश. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं.

१९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणखात्याच्या अनुदानावर ते बोलले. अर्थशास्त्र शिकलेला माणूस सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवत होता.

त्यांचा पहिला मुद्दा वेगाचा. प्राथमिक शिक्षणाचा प्रसार ज्या गतीने चालला आहे, त्या गतीने शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि मुलींना ३०० वर्षं, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे मांडला.

दुसरा मुद्दा गळतीचा. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत जेमतेम १८ पोचतात. बाकीची मधेच सुटतात आणि शिकलेलं विसरून पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे त्यांच्यावरचा खर्चही वाया जातो. शाळेच्या दारातून आत आलेलं मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा अर्थ त्यांनी सांगितला. पटावरची नावं मोजून तो साधत नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा. दारूवरच्या अबकारी करातून सरकार लोकांकडून माणशी जितकं घेतं, तितकं तरी माणशी शिक्षणावर खर्च करावं, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण ही विकायची वस्तू नाही आणि ते गरिबातल्या गरिबाला परवडलं पाहिजे, हे त्यांनी उच्च शिक्षणाच्या बाबतीतही बजावलं.

१९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला निवेदन दिलं. मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची दशा त्यात आकड्यांनिशी होती. शाळा स्थानिक मंडळांच्या हाती सोपवायला बाबासाहेबांचा विरोध होता. ज्यांना ही मुलं वर्गात नको आहेत, त्यांच्याच हाती मंडळ असेल तर सक्तीचा कायदा कागदावरच राहणार, हे साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या सगळ्या वर्षांत घर रमाबाईंनी चालवलं. नवरा परदेशात शिकत असताना तुटपुंज्या पैशांत त्यांनी दिवस काढले. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंचं निधन झालं. वय अवघं ३७. भायखळ्याच्या त्या रात्रीपासूनचा संसार तिथे संपला.

१९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी ते संविधान सभेवर निवडून गेले.

घटनेत १४ वर्षांची अट कशी आली?

संविधान सभेत मूलभूत हक्क ठरवण्यासाठी एक उपसमिती होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९४७ च्या एप्रिलमध्ये या उपसमितीने मोफत प्राथमिक शिक्षण हा नागरिकाचा हक्क म्हणून सुचवला. पण वरच्या सल्लागार समितीत शंका निघाल्या. इतक्या शाळा, इतके शिक्षक, इतका पैसा कुठून आणायचा? उद्या प्रत्येक पालक सरकारविरुद्ध कोर्टात गेला तर? शेवटी हे कलम कोर्टात मागता येणाऱ्या हक्कांमधून काढून मार्गदर्शक तत्त्वांत टाकलं गेलं.

मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे सरकारने कारभार करताना पाळायच्या सूचना. त्या पाळल्या नाहीत तर नागरिकाला थेट कोर्टात दाद मागता येत नाही. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्व यांतला फरक तो हाच.

तरीही मसुद्यातल्या कलम ३६ च्या सुरुवातीला हक्काची भाषा शिल्लक होती. प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाला पात्र आहे, असं त्यात म्हटलं होतं. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली. लक्ष्मीकांत मैत्र यांनी हे शब्द गाळायची दुरुस्ती सुचवली. मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात हक्काची भाषा बसत नाही, इतर कलमांशी ती जुळत नाही, हा त्यांचा मुद्दा. बाबासाहेबांनी ही दुरुस्ती मान्य केली आणि कलमातून हक्क हा शब्दच गेला.

त्याच दिवशी दुसरी एक दुरुस्ती आली. सक्तीचं शिक्षण फक्त प्राथमिकपुरतं मर्यादित ठेवावं, असं नझीरुद्दीन अहमद यांचं म्हणणं होतं. ही दुरुस्ती मात्र बाबासाहेबांनी साफ नाकारली. त्यांनी दिलेलं कारण समजून घेण्यासारखं आहे.

घटनेतल्या दुसऱ्या एका कलमाने, म्हणजे आजच्या कलम २४ ने, १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी केली होती. मग १४ वर्षांपर्यंत मूल कामावर जाणार नसेल, तर त्याने जायचं कुठे? त्याला कुठल्या तरी शाळेत गुंतवून ठेवलं पाहिजे. प्राथमिक शाळा दहा-अकराव्या वर्षी संपली, तर मधल्या तीन-चार वर्षांत ते मूल पुन्हा कामाकडे ओढलं जाईल. म्हणून कामाची बंदी जिथे संपते, तिथपर्यंत शाळेची सोय हवी.

१४ हा आकडा असा आला. बालमजुरीची बंदी आणि सक्तीचं शिक्षण ही एकाच दाराची दोन फळकुटं आहेत, एक उघडं राहिलं तर दुसरं लावून उपयोग नाही, असा हा विचार होता. परळच्या एका खोलीत भावाने शाळा सोडून नोकरी धरलेली ज्यांनी पाहिली, त्यांना त्यासाठी फार लांब जावं लागलं नसेल.

अंतिम घटनेत हे कलम ४५ झालं. घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं ते सांगत होतं. सगळ्या मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेलं हे एकमेव कलम. ती मुदत २६ जानेवारी १९६० ला संपणार होती.

मग हक्क मिळायला इतका उशीर का झाला?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं निधन झालं, तेव्हा मुदत संपायला तीन वर्षांहून थोडा जास्त काळ उरला होता. १९६० आलं आणि गेलं. शाळा वाढल्या, पण सगळी मुलं शाळेत आली नाहीत. आणि कलम मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे मुदत मोडली म्हणून सरकारला जाब विचारायची वाट नव्हती. १९४८ मध्ये गाळलेल्या त्या शब्दांची किंमत इथे कळते.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-क आलं. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. तो प्रत्यक्षात आणणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण ज्याला आरटीई म्हणतो, तो हा कायदा.

या कायद्यात सक्ती या शब्दाचा अर्थ उलटा फिरला. कोल्हापूरच्या हुकमात दंड आईबापाला होता. आरटीईमध्ये सक्ती सरकारवर आहे. जवळ शाळा असणं, मुलाला प्रवेश मिळणं, त्याने नियमित येणं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करणं, हे सगळं घडवून आणायची जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थेची. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण त्यासाठी दंड नाही.

२५ टक्के राखीव जागांचं कलम सर्वांत जास्त चर्चेत असतं. विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पालक कोर्टात जाऊ शकले, कारण आता हा हक्क होता, नुसती सूचना नव्हती.

आज रमासारख्या मुलीला कायदा काय देतो?

समजा, आज एखादी नऊ वर्षांची अनाथ मुलगी गावाहून नातेवाइकांसोबत भायखळ्यात आली आहे आणि ती कधीच शाळेत गेलेली नाही. आरटीई कायद्यानुसार:

- तिला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं नाही.
- मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.
- जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- तिच्या प्रवेशासाठी परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही.
- आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं व्हायच्या आत तिला शाळेतून काढून टाकता येत नाही. उशिरा शाळेत आल्यामुळे १४ वर्षं उलटली, तरी तोवरचं शिक्षण मोफतच राहतं.
- वर्गात तिला वेगळं बसवणं किंवा कसलाही भेदभाव होऊ न देणं, ही सरकारची आणि महापालिकेची जबाबदारी आहे.
- स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही, हे पाहणं आणि आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हेही महापालिकेचं काम आहे.

अशा मुलीला एखाद्या शाळेने परत पाठवलं, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. भायखळ्याच्या बाजाराजवळ राहायला आलेल्या रमाच्या काकांना आणि मामांना असं कुठलंच दार ठोठावता आलं नसतं.